न दिसणारा ताण : हाडात रोवलेल्या खुंटांवरील कवळी



वसंतातील या व्याख्यानांना आपण इतिहास, साहित्य, राजकारण ऐकावयास येता. त्या पंक्तीत आज कवळीला पाट मांडलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत दातांवर व्याख्यान देण्यास फार मोठे समर्थन लागू नये. उमेदीत चणे मिळवावे, आणि ते खावयाची वेळ येईतो दातांनी निरोप घ्यावा, हे दुःख घरोघरचे आहे. आज या म्हणीच्या उत्तरार्धावर एक उपाय निघाला आहे. आयुष्यभराच्या शिलकीतला एक मोठा तुकडा मोडून लोक तो करून घेतात. म्हणून तो कशावर टिकतो आणि कशाने बिघडतो, हे सामान्य नागरिकाने समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम साध्या कवळीचा विचार करू. ती हिरडीवर नुसती बसलेली असते. वरच्या कवळीला टाळूचा विस्तार मिळतो, त्यामुळे ती धरून राहते. खालची मात्र जीभ आणि गाल यांच्या मध्ये, एका अरुंद वरंब्यावर, होडीसारखी डोलत असते. स्वतःच्या दातांनी माणूस दाढेवर पन्नास ते सत्तर किलोंच्या वजनाइतका दाब आणू शकतो. पूर्ण कवळीवर तोच दाब चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. भाकरी आमटीत भिजवून खावी लागते, पेरूकडे नुसते पाहावे लागते. भरीस भर म्हणजे दात गेलेल्या जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते. आज नीट बसलेली कवळी चार वर्षांनी सैल होते, ती याच कारणाने. त्यात कवळी करणाराची चूक असतेच असे नाही.

यावरील उपायाची वाट एका सशाच्या पायातून निघाली, असे म्हटले तर आपण हसाल; पण ते खरे आहे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे तरुण संशोधक हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियम धातूची एक बारीक नळी बसवली होती. काम संपल्यावर ती काढू गेले, तर निघेना. हाड धातूला चिकटून, जणू एकजीव होऊन वाढले होते. अनेकांनी अशी नळी मोडून फेकून दिली असती. ब्रोनेमार्क यांनी त्या न निघण्याचाच अभ्यास केला. १९६५ साली गोथेनबर्ग येथे गोस्ता लार्सन नावाच्या गृहस्थाच्या जबड्यात त्यांनी टायटेनियमचे खुंट रोवले व त्यांवर दात बसवले. लार्सन २००६ साली वारले. तोवर चाळीस वर्षे ते दात त्यांना साथ देत होते.

हा जो हाडात रोवलेला, आटे पाडलेला टायटेनियमचा खुंट, त्यालाच आज सर्वजण इम्प्लांट म्हणतात. मी त्याला खुंटच म्हणेन. त्यावर बसणारी कवळी दोन प्रकारची असते. एका प्रकारात जबड्यात चार ते सहा खुंट रोवून, त्यांवर धातूचा सांगाडा स्क्रूंनी पक्का करतात आणि त्या सांगाड्यावर दात बसवतात. ही कवळी घरी काढता येत नाही. दुसऱ्या प्रकारात बहुधा खालच्या जबड्यात दोन खुंट असतात. कवळी त्यांवर चापाच्या बटनासारखी बसते आणि रोज काढून धुता येते. २००२ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हा दोन खुंटांचा उपाय पहिला मानावा, असा अभिप्राय दिला. साध्या कवळीहून तो पुष्कळ स्थिर आणि पहिल्या प्रकाराहून स्वस्त.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खुंट हाडाशी एकजीव झाला, हे ठीक. पण एकजीव होण्यात एक गोम आहे. आपला नैसर्गिक दात हाडात थेट रोवलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटरहून कमी जाडीची, तंतूंनी विणलेली एक गादी असते. दात त्या गादीवर झोपाळ्यासारखा टांगलेला असतो. घास चावताना तो किंचित खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. सतत थोडा दाब ठेवला तर दात जागा सोडून सरकतोही. मुलांचे वाकडे दात तारेने सरळ होतात ते यामुळेच. खुंटाला ही गादी नाही. दात जिथे पंचवीसपासून शंभर मायक्रॉनपर्यंत दबतो, तिथे खुंट तीन ते पाच मायक्रॉनच दबतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्यावरचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे हिशेब सोपे होतील.

यातून काय निष्पन्न होते? नैसर्गिक दातांवर बसवलेली टोपी किंवा पूल थोडासा चुकला, तर दात जरा सरकून समजूत घालून घेतो. खुंट सरकत नाही. त्याच्याशी झालेली चूक तशीच्या तशी राहते. शिवाय दाताच्या गादीत संवेदना असते, खुंटापाशी ती नाही. पायातला जोडा चावला तर पाय लगेच सांगतो. खुंटावर सांगाडा चुकीचा बसला, तर पहिल्यांदा थोडा वेळ दडपल्यासारखे वाटते, आणि मग तेही जाणवेनासे होते. रोगी म्हणतो, छान बसले. आरशात पाहिले तर खरोखरच छान दिसते.

ही चूक म्हणजे नेमके काय, ते घरातल्या एका वस्तूवरून पाहू. तिवई कधी डुगडुगत नाही. तीन पायांची लांबी कमीजास्त असली तरी तीनही पाय जमिनीला टेकतात. बैठक फार तर तिरपी होईल. चौरंगाचे तसे नाही. एक पाय दोरीभर आखूड असला, की तो अधांतरी राहतो आणि चौरंग डुगडुगतो. आता कोणी हिकमती माणसाने काय करावे, तर तो आखूड पाय स्क्रूने जमिनीशी आवळून टाकावा! डुगडुगणे थांबेल. पाहुण्याला वाटेल, चौरंग अगदी पक्का आहे. पण लाकूड वाकलेले आहे, सांधे ताणलेले आहेत, आणि अजून त्यावर कोणी बसलेलेसुद्धा नाही. चार-पाच खुंटांवर आवळलेल्या चुकीच्या सांगाड्याची हीच अवस्था असते. तोंडात तर गोष्ट आणखी कठीण, कारण तिथे उंचीबरोबर खुंटांमधले अंतर आणि त्यांचे कलही जुळावे लागतात.

श्रोतेहो, ताण दोन प्रकारचा असतो. एक घास चावताना येणारा. तो येतो आणि जातो, आणि रात्री तोंड मिटले की विश्रांती घेतो. दुसरा, न जुळणारी वस्तू आवळून बसवल्यामुळे तिच्यात कोंडलेला. तो रात्रंदिवस असतो. कोंडलेला ताण नेहमी वाईटच, असेही नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो, चाकावर घालतो आणि पाणी ओततो. धाव आकसते आणि आरे, पाटे सगळे आवळून धरते. तो ताण मुद्दाम योजलेला, सगळीकडून सारखा आणि मापातला असतो. सांगाड्यातला ताण कोणी योजलेला नसतो. तो कुठे किती आहे, हे बसवणारालाही ठाऊक नसते.

स्क्रूचे काम नीट समजले म्हणजे हा मुद्दा उलगडतो. स्क्रू आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, आणि आकसू पाहताना दोन भागांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. ही पकड घासाच्या जोरापेक्षा अधिक असेल तोवर सांधा उघडत नाही आणि स्क्रूला प्रत्येक घासाचा हिसका जवळजवळ लागतच नाही. पण सांगाडा खुंटावर टेकलेलाच नसेल, तर आवळण्याचा बराचसा जोर सांगाडा वाकवण्यात खर्च होतो आणि पकडीला थोडाच उरतो. मग प्रत्येक घासाला सांधा केसभर उघडतो आणि मिटतो. वर्षाकाठी काही लाख वेळा हे घडले, म्हणजे स्क्रू सैल होतो किंवा एके दिवशी तुटतो. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुनःपुन्हा वाकवून तुटते, हे आपण सर्वांनी लहानपणी करून पाहिलेले आहे.

आता धातू कोणता, हा प्रश्न. ताठपणा मोजण्याचे एक माप आहे, त्याला गिगापास्कल म्हणतात. नावाला भिऊ नका, फक्त आकड्यांची तुलना पाहा. जबड्याचे वरचे घट्ट हाड सुमारे १५, टायटेनियम सुमारे ११०, कोबाल्ट-क्रोमियम आणि झिर्कोनिया दोन्ही २०० च्या वर, आणि कवळीचे गुलाबी अ‍ॅक्रिलिक अवघे २ ते ३. म्हणजे एकाच आकाराचा सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमचा केला, तर तो टायटेनियमच्या जवळजवळ दुप्पट ताठ. जाडीचा परिणाम याहूनही मोठा आहे. पट्टीची उंची दुप्पट केली तर वाकण्याला तिचा विरोध आठपट होतो.

मग ताठ चांगले की लवचिक? इथेच पुष्कळांची दिशाभूल होते. चावण्याच्या दृष्टीने ताठ सांगाडा चांगला. पाच खुंटांवर ताठ सांगाडा असला, की एका दाढेवरचा भार तो अनेकांत वाटून देतो. लवचिक असला, तर जवळचा बिचारा एकटाच सोसतो. अमेरिकेतील अभियंते रिचर्ड स्कॅलॅक यांनी १९८३ साली ही गोष्ट हिशेबाने मांडली. त्यातही शेवटच्या खुंटाच्या मागे सांगाडा छज्जासारखा पुढे काढलेला असला, तर तरफेचा नियम लागू होतो. समजा दोन खुंट दहा मिलिमीटर अंतरावर आहेत आणि छज्जाही दहा मिलिमीटरचा आहे. त्याच्या टोकावर वीस किलोंचा दाब आला, तर जवळच्या खुंटावर चाळीस किलोंचा दाब येतो आणि पलीकडचा खुंट वीस किलोंच्या जोराने वर उपटला जातो. हा अगदी ढोबळ हिशेब झाला. पण मागे एक दाढ जास्त बसवा असा आग्रह धरताना आपण काय मागतो आहोत, ते यावरून कळावे.

परंतु जुळणीच्या दृष्टीने पाहिले, तर हाच ताठपणा उलटतो. तीच फट बुजवण्यासाठी दुप्पट ताठ धातू वाकवावयास सुमारे दुप्पट जोर लागतो, आणि तो सगळा जोर स्क्रू, खुंट आणि हाड यांच्या माथी बसतो. ताठ सांगाडा घास वाटून देतो, पण चूक माफ करीत नाही. लवचिक सांगाडा चूक पोटात घालतो, पण घासाच्या वेळी अंग काढून घेतो. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एका वाक्यात सांगावयाचे, तर ते हे : धातू आणि जुळणी हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. ताठ धातूचा फायदा ज्याला हवा, त्याने नेमक्या जुळणीची किंमत मोजलीच पाहिजे.

ही जुळणी इतकी अवघड का? कारण तोंडातून तयार कवळीपर्यंत माप अनेक हातांतून जाते आणि प्रत्येक हाताशी थोडे बदलते. तोंडाचे माप घेण्याचा मसाला आकसतो, प्लास्टर फुगते, मेण वाकते, ओतलेला धातू थंड होताना आकसतो. सोन्याचा मिश्रधातू सुमारे दीड टक्का आकसतो. पन्नास मिलिमीटर रुंदीच्या कमानीत दीड टक्का म्हणजे पाऊण मिलिमीटर! साच्याचा मसाला मुद्दाम तितका फुगणारा घेऊन ही तूट भरून काढतात, पण ती तंतोतंत भरत नाही. म्हणून जुने कुशल कारागीर सांगाडा करवतीने कापून, तोंडात नीट बसवून, त्या स्थितीत पुन्हा डाख देत. अलीकडे टायटेनियमच्या अखंड ठोकळ्यातून यंत्राने सांगाडा कोरून काढतात. त्यात ओतकामाचे आकसणे नाही, आणि जुळणी पुष्कळ सुधारली आहे. मात्र यंत्र जे माप देऊ तेच कोरते. तोंडात कॅमेरा फिरवून माप घेताना दात नसलेली गुळगुळीत हिरडी सगळीकडे सारखीच दिसते, आणि एक चित्र दुसऱ्याला जोडताना चूक साचत जाते. यंत्र आले म्हणून तपासणी गेली, असे समजू नये.

किती फट चालेल? ब्रोनेमार्क यांनी दहा मायक्रॉनचे ध्येय ठेवले होते. स्वीडनमधीलच टॉर्स्टेन येम्ट यांनी १९९१ साली दीडशे मायक्रॉनपर्यंतची चूक चालण्यासारखी मानली. सुताराचे एक सूत म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. ही उदार मर्यादासुद्धा त्याच्या विसाव्या हिश्शाची आहे. आणि येथे सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. येम्ट आणि बुक यांनी १९९६ साली रुग्णांच्या तोंडातील सांगाड्यांची जुळणी मोजली. एकही सांगाडा पूर्ण निर्दोष बसलेला आढळला नाही. सरासरी चूक शंभर मायक्रॉनच्या आसपास होती, आणि तरीही चूक आणि हाडाची झीज यांचा संबंध दिसला नाही. रुग्ण थोडेच होते, हे खरे. परंतु भीती दाखवून पैसे काढणाऱ्यांना उत्तर म्हणून हे पुरेसे आहे. जिवंत हाड बरेच सोसते. सोसत नाहीत ते स्क्रू, चिनी मातीचा मुलामा आणि अ‍ॅक्रिलिक. ती निर्जीव असतात, त्यांना झालेली इजा भरून येत नाही.

अ‍ॅक्रिलिकच्या दातांविषयीही एक समज आहे, की ते मऊ असल्यामुळे धक्का शोषून घेतात आणि हाडाचे रक्षण करतात. स्कॅलॅक यांनीच ही कल्पना मांडली होती. अचानक बसणाऱ्या धक्क्यापुरती ती प्रयोगशाळेत खरी ठरते. पण रुग्णांच्या हाडात त्याचा स्पष्ट लाभ दिसून आलेला नाही. अ‍ॅक्रिलिकचा खरा गुण निराळाच आहे. ते झिजते, क्वचित फुटते, परंतु थोड्या खर्चात आणि थोड्या वेळात दुरुस्त होते. झिर्कोनिया झिजत नाही आणि सुंदर दिसते. पण सांगाडा तडकला तर बहुधा सगळेच नवे करावे लागते. घेणाऱ्याने हा हिशेब आधी विचारावा.

दोन खुंटांवरच्या काढघाल कवळीची कथा थोडी निराळी आहे. तिचा पुढचा भाग खुंटांवर आणि मागचा हिरडीवर टेकलेला असतो. मागचे हाड झिजले, की कवळी मागून खाली जाते, दर घासाला खुंटांवर झुलू लागते, आणि जो भार हिरडीने घ्यावयाचा तो खुंटांवर पडतो. बटनाच्या आतली नायलॉनची चकती लवकर झिजू लागली, तर लोक चकती बदलून घेतात आणि समाधान मानतात. वारंवार चकती झिजणे म्हणजे कवळीच्या तळाला अस्तर देण्याची वेळ झाली, अशी ती सूचना असते. या कवळीत आणखी एक नाजूक जागा आहे. बटनासाठी पोकळी केल्यामुळे तिथले अ‍ॅक्रिलिक पातळ होते आणि कवळी नेमकी तिथेच तडकते. आत धातूची जाळी घालून घेतली, तर हे पुष्कळ अंशी टळते.

आता आपण काय करावे? ज्यांना पक्की कवळी करून घ्यावयाची आहे, त्यांनी एक धीर धरावा. सांगाड्यावर दात चढवण्यापूर्वी तो नुसता तोंडात बसवून पाहिला जाणार आहे ना, हे विचारावे. त्या वेळची एक साधी कसोटी आहे. एका टोकाचा एकच स्क्रू आवळावयाचा आणि दुसऱ्या टोकाला सांगाडा खुंटावरून उचलला जातो काय ते पाहावयाचे. हिरडीखाली दिसत नसेल तर क्ष-किरण चित्र घ्यावयाचे. उचलला गेला तर सांगाडा कापून पुन्हा जोडावा किंवा नवा करावा. या कामाला आठ दिवस जास्त लागले म्हणून कुरकुर करू नये. लग्नाची तारीख गाठावयाची म्हणून आवळून बसवून घेतलेले दात लग्नात मिरवतील, पण त्यांची कटकट पुढे कित्येक वर्षे पुरेल.

दुसरे, एकदा सैल झालेला स्क्रू पुन्हा आवळून घेणे ठीक. तोच स्क्रू पुनःपुन्हा सैल होत असेल, तर दोष स्क्रूत नसून जुळणीत, छज्जाच्या लांबीत किंवा झोपेत दात खाण्याच्या सवयीत असण्याचा संभव मोठा. "जरा आवळून द्या, डॉक्टर" एवढेच म्हणून परतू नये, "तो सैल का होतो?" असे विचारावे. तिसरे, दुखत नाही म्हणून वर्षाची तपासणी टाळू नये. खुंटापाशी संवेदनेची गादी नाही, हे आपण पाहिलेच. जो अवयव तक्रार करीत नाही, त्याची चौकशी आपणच करावी लागते. घरातली अबोल माणसे आणि हे खुंट या बाबतीत सारखेच.

आणि चौथे, हा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. नीट माप घेऊन केलेली, वेळेवर अस्तर दिलेली साधी कवळी ही घाईने आवळलेल्या महागड्या कवळीपेक्षा केव्हाही बरी. या दोन्हींना लागू पडणारा नियम एकच आहे : वस्तू जागेवर आपणहून बसली पाहिजे, जोराने नव्हे. जोराने बसवलेले पक्के दिसते, आणि आतून झिजत राहते. ज्येष्ठांच्या तोंडात पुन्हा भाकरीचा तुकडा मोडावा, पेरूची फोड चावली जावी, एवढीच या साऱ्या शास्त्राची महत्त्वाकांक्षा आहे. आणि तिचे यश केसाच्या जाडीच्या आसपास ठरते, हे आज आपण पाहिले.